वामनराव गुरुजींची नवखेळाडू भरती

वामनराव काळमेघ गुरुजी चौतीस वर्षं मास्तरकी करून निवृत्त झाले आणि बासष्टाव्या वर्षी त्यांना फोनवरच्या एका खेळाचं वेड लागलं. ही गोष्ट बाभुळगावात कोणालाही कळू द्यायची नाही, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. ज्या माणसाने तीन पिढ्यांना 'खेळ बंद करा, पाढे म्हणा' असं दरडावलं, त्याने दुपारच्या वेळी दार लोटून फोनवर टिचक्या माराव्यात हे काही बरं दिसत नव्हतं. म्हणून ते खेळायचे वर्तमानपत्राच्या आड. त्यांच्या बायको भागीरथाबाई मात्र सगळं ओळखून होत्या. पेपर वाचणाऱ्या माणसाचे अंगठे असे नाचत नाहीत.

खेळाचं नाव 'तालझेप'. पडद्यावर चार पट्टे. गाणं सुरू झालं की वरून रंगीत ठिपके घसरत येतात, आणि ठिपका खालच्या पांढऱ्या रेघेवर टेकला रे टेकला की टिचकी मारायची. बरोबर बसली तर 'परफेक्ट', जराशी इकडेतिकडे झाली तर 'गुड', आणि हुकली तर 'मिस'. एवढंच. पण गुरुजी भजनात तबल्याला बसणारे. त्यांच्या मते हा खेळ नव्हताच, ती तालसाधना होती. भागीरथाबाईंच्या मते ते रिकामपण होतं.

त्या साधनेमागे आणखी एक कारण होतं, जे गुरुजींनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मुलगी सुरभी पुण्याला नोकरीला गेल्यापासून बापलेकीचं बोलणं आटत आटत दोन वाक्यांवर आलं होतं. 'जेवली का?' आणि 'आईले देतो.' दिवाळीत आली तेव्हा तिने हा खेळ त्यांच्या फोनमध्ये टाकून दिला, स्वतःच्या संघात त्यांना घेतलं, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. "बाबा, तिसऱ्या गाण्यात डबल ठिपके आले की दोन बोटं वापरा," असं ती सांगायची, आणि त्यातूनच मग ऑफिसातली कुरबुर, डब्यातली भाजी, घरमालकीण असं बरंच काही निघायचं.

संघाचं नाव 'पऱ्हाटी एक्सप्रेस'. कापसाच्या मुलखातली पोर पुण्यात जाऊन दुसरं काय नाव ठेवणार?

मंगळवारी सुरभीचा फोन आला तो पडलेल्या आवाजातच. "बाबा, आपला संघ बंद होऊन राह्यला."

"काहून?"

"सगळ्या मैत्रिणी सोडून गेल्या. कोनाचं लग्न, कोनाचं बाळ. आता तुम्ही न् मी दोघंच. नवीन नियम आलाय, रविवारी पाचपर्यंत संघात आठ चालू खाती पायजे, नाही तर नाव काढून टाकतात. नवीन माणसानं पहिलं गाणं सत्तर टक्क्यांनी पास केलं तरच धरतात. जाऊ द्या. तसंही किती दिवस खेळणार होतो."

हे शेवटचं वाक्य गुरुजींच्या काळजात घुसलं. तालझेप गेला की परत 'जेवली का'. त्यांनी घसा साफ केला आणि जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत जी जी कामं अंगावर घेतली ती ज्या आवाजात घेतली, त्याच आवाजात म्हणाले, "सहा मानसं लागतात नं? मी आनतो."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की सहा माणसं आणायची म्हणजे आपण हा खेळ खेळतो हे सहा माणसांना सांगायचं.

घरी शिकवणी घ्यावी तर घरातली रेंज जेमतेम एका फोनापुरती. गच्चीवर भरपूर होती, पण गच्चीवर भागीरथाबाईंच्या तिखटाच्या मिरच्या वाळत होत्या. "शिकवाचं असन तर शिकवा, पन माह्या मिरच्यावर पाय नाई पडला पायजे," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. राहिलं वाचनालय. ज्ञानवर्धिनी वाचनालयाचं सभागृह टॉवरच्या अगदी पायथ्याशी, तिथे रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या.

वाचनालयाचा ग्रंथपाल आणि समितीचा सचिव, दोन्ही कपिलच. गुरुजींचाच विद्यार्थी, म्हणजे त्याला नियमाने चालायची सवय गुरुजींनीच लावलेली. त्याने 'नमुना अ' पुढे सरकवला. सभागृह कशासाठी हवं, त्यापुढे चार चौकोन होते. विवाह, वाढदिवस, शोकसभा आणि शासकीय प्रशिक्षण.

"इतर नाई का रे?"

"होतं, गुरुजी. मागच्या वर्षी एकानं 'इतर' लिहून आठ दिवस कापूस ठेवला इथं. समितीनं 'इतर' काढून टाकलं."

गुरुजींनी बराच वेळ विचार केला. शोकसभा हे मनाच्या अवस्थेला धरून होतं, पण त्यासाठी मयताचं नाव लिहावं लागत होतं. शेवटी त्यांनी 'शासकीय प्रशिक्षण'वर खूण केली, 'शासकीय' हा शब्द रेघ मारून खोडला, समासात सही केली आणि तारीखही घातली. नियमात राहून खोटं न बोलण्याचा याहून सरळ मार्ग कोणाला सापडणार नाही, असं समाधान वाटून ते घरी आले.

कपिलने मात्र फळ्यावर लिहिताना खोडाखोड कशाला दाखवायची म्हणून स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'शासकीय प्रशिक्षण. ऑनलाइन नवीन नोंदणी. रविवारी दुपारी १ ते ५. शेवटची तारीख. मोबाईल सोबत आणावा. संपर्क: काळमेघ गुरुजी.'

हा फळा पहिल्यांदा वाचला तो रामलालजींनी. रामलालजी गुरुजींचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांना कुठलीही बातमी जागेवर उभी राहिलेली बघवत नसे, ती पुढच्या थांब्यापर्यंत नेलीच पाहिजे. संध्याकाळी ते कुंपणावरून म्हणाले, "गुरुजी, मोठं काम हाती घेतलं. पन आधारची झेरॉक्स एक लागन का दोन?"

गुरुजींना वाटलं, खेळाच्या नोंदणीबद्दल विचारताहेत. "आधार कायले? नुसता नंबर न् ओटीपी."

"अन् फोटो?"

"फोटो टाकला तर चांगलंच दिसते."

रामलालजींनी मान डोलावली आणि सायकल काढली. गुरुवारपर्यंत बाभुळगावात बातमी अशी होती की घरटी एक मोबाईल मिळणार. शुक्रवारी त्यात चार्जर आला. शनिवारी ती जवळच्या तांड्यावर आणि तिथून पुढच्या दोन गावांत पोचली, तेव्हा तिच्यात निराधारांना प्राधान्यही होतं.

रविवारी बारा वाजता गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून, खिशात खडू घेऊन वाचनालयावर पोचले, तेव्हा दारापासून झेरॉक्सच्या दुकानापर्यंत रांग लागलेली. ऐंशी तरी माणसं. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत कागद. रांगेच्या तोंडाशी रामलालजी उभे. "मांगं सरका, मांगं सरका, मधात जागा हाये," असं ते सवयीने ओरडत होते आणि कागदाच्या चिठ्ठ्या फाडून नंबर देत होते.

गुरुजींनी रांग एकदा शेवटपर्यंत पाहून घेतली. पण शाळेत तपासणीला अचानक साहेब आल्यावर जो माणूस डगमगला नाही तो इथे काय डगमगणार? ते खुर्चीवर चढले आणि ही योजना नसून एक खेळ आहे, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगून टाकलं.

पहिल्या नंबरवरच्या पागोटेवाल्या आजोबांनी विचारलं, "मंग हे खेळून भेटते काय?"

"आनंद भेटते, बाबा."

"थो कधी जमा होते?"

रांग विरघळू लागली. जाता जाता लोकांनी जे सल्ले दिले ते सगळे इथे लिहिण्यासारखे नाहीत. रिटायर झाल्यावर माणसाने देवाचं नाव घ्यावं, शेतावर जावं, निदान घरी निजावं, असा त्यांचा सारांश होता. आजोबांनी झेरॉक्सही गुरुजींच्याच हातात ठेवली, पुढे कधी खरी योजना आली तर असावी म्हणून. गुरुजी खुर्चीवरून उतरले तेव्हा त्यांना आपली उंची चार बोटं कमी झाल्यासारखी वाटली.

पण सगळेच गेले नाहीत. तांड्यावरच्या बचतगटाच्या अध्यक्ष नंदाबाई राठोड मांडी घालून बसल्या होत्या. गुरुजी नोकरीच्या सुरुवातीला तांड्यावरच्या शाळेत होते, तेव्हा नंदाबाई पहिलीत होत्या. सोबत गटातल्या तिघी.

"गुरुजी, आमी ऑटो करून आलो," नंदाबाई म्हणाल्या. "ऑटोवाला पाच वाजता येते. तवरक जे असन थे शिकवा."

आणखी एक मथुराबाई राहिल्या, पेठेतल्या. घरी सुनेच्या माहेरचे पाहुणे होते म्हणून. झाल्या पाच. गुरुजींनी कपिलकडे पाहिलं. कपिल म्हणाला, "मी ड्युटीवर हावो." गुरुजी नुसते पाहत राहिले. पाचवीतली ती नजर अजून चालत होती. झाले सहा.

आता खेळ फोनमध्ये उतरवायचा. मथुराबाईंच्या फोनमध्ये जागाच नव्हती. दोन हजार सातशे 'शुभ सकाळ' होते. "काढून टाकतो," गुरुजी म्हणाले. "असे कसे काढता? देवाचे फोटो हायेत," मथुराबाई म्हणाल्या. शेवटी देव ठेवायचे आणि फुलं काढायची असं ठरलं, आणि एकेक फोटो तपासण्यात वीस मिनिटं गेली. गटातल्या एकीचा ओटीपी नागपूरला तिच्या भावाच्या फोनवर गेला. भाऊ आधी बहिणीला फसवणुकीपासून सावध करत राहिला, मग त्याने गुरुजींना पोलिसांची धमकी दिली, आणि 'मी काळमेघ गुरुजी' हे कळल्यावर आकडा सांगून नमस्कारही म्हणाला.

मग नावं. नंदाबाईंनी आपलं नाव घातलं, तर फोन म्हणाला, हे नाव दुसऱ्या कोणीतरी घेतलेलं आहे.

"कोन हाये थे दुसरी?" नंदाबाईंनी पदर खोचला.

"असन कुठं तरी. फोन म्हनते 'नंदाबाई४२' घ्या."

"बेचाळीस! माहं वय याले कोनं सांगतलं?"

तो निव्वळ योगायोग होता, हे पटवायला गुरुजींना दहा मिनिटं लागली. आणि नंतर जन्मतारीख टाकताना खरंच बेचाळीस वर्षं निघाली, तेव्हा पटवलेलं सगळं वाया गेलं.

जन्मतारखेनेच खरा घात केला. सहाही जणांनी एक जून टाकली. त्याला इलाज नव्हता. पूर्वी पोराला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की सगळेच गुरुजी लोक एक जून लिहायचे. त्यांच्या हातून निम्म्या तालुक्याचा जन्म एकाच दिवशी झाला होता. पण हे त्या खेळाच्या कंपनीला कोण सांगणार? गुरुजींच्या एकाच हॉटस्पॉटवरून, एका तासात, एकाच दिवशी जन्मलेली सहा माणसं अवतरली. सहाही फोन लाल झाले. 'संशयास्पद खाते. आपण माणूस आहात हे सिद्ध करा.'

खाली नऊ चौकोन आणि प्रश्न: ट्रॅफिक सिग्नल असलेली चित्रं निवडा.

"शिंगल मंजे?" मथुराबाईंनी विचारलं.

बाभुळगावात सिग्नल नाही. गुरुजींनी फळ्यावर खांब काढला, त्यावर तीन गोल काढले. मथुराबाईंनी विजेचे खांब निवडले, मग पाण्याची टाकी निवडली, आणि तिसऱ्यांदाही माणूस ठरल्या नाहीत. "साठ वर्षं झाले," त्या खिन्नपणे म्हणाल्या, "आजवरक कोनी इचारलं नाई मानूस हाये का म्हनून." अखेर रामलालजी धावून आले. त्यांनी एसटीत असताना यवतमाळचे सिग्नल रोज पाहिले होते. त्यांनी सहाही जणांना एकेक करून माणसात आणलं.

साडेतीन वाजले होते. गुरुजींनी आता कुठे खडू उचलला आणि शिकवायला सुरुवात केली. ब्लूटूथचं यंत्र कानात घालू नका, आवाज उशिरा पोचतो. फोन हातात धरू नका, टेबलावर आडवा ठेवा. अंगठा नको, पहिलं बोट वापरा. ठिपक्याकडे पाहू नका, रेघेकडे पाहा. इथपर्यंत सगळं उत्तम होतं. पण मग त्यांच्यातला तबलजी जागा झाला आणि त्यांनी फळ्यावर सोळा मात्रा, चार विभाग, सम, टाळी आणि काल असं सगळं मांडलं.

"एक-दोन-तीन-चार, मनात मोजा न् मारा," ते म्हणाले.

सगळ्या मोजू लागल्या आणि ठिपके भराभर खाली सांडू लागले. मथुराबाईंचा फोन तर थांबेचना: मिस, मिस, मिस. त्यांनी फोन पालथा घातला. "मले मिस म्हनते थो! माह्या लग्नाले चाळीस वर्षं झाले!"

नंदाबाईंना एकोणीस टक्के मिळाले. त्यांनी फळ्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "गुरुजी, रागावू नका. होळीले आमी लेंगीचे गाणे म्हनतो, रिंगन करून नाचतो, तवा कोन मात्रा मोजत बसते? तुमी जरा फळा पुसा."

चौतीस वर्षांत गुरुजींना फळा पुसायला कोणी सांगितलं नव्हतं. पण घड्याळात पावणेचार झाले होते. त्यांनी पुसला.

नंदाबाईंनी गाणं लावलं, डोळे अर्धे मिटले, मान हलवायला लागल्या आणि बोटं सोडली. परफेक्ट, परफेक्ट, परफेक्ट. शहाण्णव टक्के. गटातल्या तिघींनी त्यांच्यामागे टाळ्या धरल्या आणि पाठोपाठ पास झाल्या. कपिल एकाहत्तरवर कसाबसा निघाला. मथुराबाईंना मधोमध बसवून सगळ्यांनी टाळी धरली, आणि चार पस्तीसला त्या शहात्तर टक्क्यांनी पास होऊन "आता म्हन मिस," असं फोनला म्हणाल्या.

गुरुजींचा ऊर भरून आला. सुरभीला कळवावं म्हणून त्यांनी आपला फोन उघडला, तर तो लाल. 'एकाच व्यक्तीने अनेक खाती उघडल्याचा संशय. आपले खाते बहात्तर तास बंद.' इथे सिग्नल नाही, चौकोन नाही, अपील नाही. तेवढ्यात सुरभीचाच फोन आला.

"बाबा! सहा जण आले, कमाल केली तुम्ही! पन संघात सातच दाखवतेय. तुमचं नाव कुठं गेलं?"

गुरुजींनी सांगितलं.

"मंग नवीन खातं उघडा, बाबा. पहिलं गाणं परत पास करा. वीस मिनिटं आहेत."

पहिलं गाणं! गुरुजी एकतिसाव्या पातळीवर होते. पहिलं गाणं म्हणजे हेडमास्तरला बालवाडीत बसवणं. आणि बसायचं तरी कुठल्या फोनवर? तेवढ्यात भागीरथाबाई आल्या. घरी बसून गावभरची बातमी ऐकली, म्हणून नवऱ्याची काय फजिती झाली ते बघायला त्या आल्या होत्या. रामलालजींनी सगळा प्रकार सांगताच त्यांनी आपला फोन काढून दिला.

"जन्मतारीख एक जून टाकू नका, अजी," त्या म्हणाल्या.

"मंग कोन्ती टाकू? माही बी माह्या गुरुजीनंच टाकलेली हाये."

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशीचे तुमी. सासूबाई सांगत जात." आणि कपिलने त्या सालचा तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, कोणत्या तारखेला आला ते वाचनालयातल्या जुन्या पंचांगात शोधून काढलं. चार चव्वेचाळीसला 'वामनराव१' या नावाचा एक नवखा खेळाडू जन्माला आला.

पहिला प्रयत्न. गुरुजींच्या स्वतःच्या फोनमध्ये आवाज आणि ठिपका यांचा मेळ त्यांनी घालून ठेवला होता. हा फोन वेगळा, इथे आवाज मागून यायचा, आणि मेळ घालायची सोय पहिलं गाणं पास झाल्याशिवाय उघडत नव्हती. भोवती आठ माणसं. बेचाळीस टक्के.

"टिचक्या मांगं पडून राह्यल्या तुमच्या," रामलालजी म्हणाले.

"फोनचा दोष हाये."

"आमी बी तेच म्हनत होतो," मथुराबाई म्हणाल्या.

दुसरा प्रयत्न. अठ्ठावन्न. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. चार बावन्न. ओठ हलत होते: धा धिं धिं धा.

"गुरुजी." नंदाबाई त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. "मोजू नका. तोंड बंद ठेवा. माह्या टाळीकडं ध्यान द्या न् बोट सोडा."

"अवो, मी तबला वाजवतो..."

"ठावूक हाये. तोंड बंद."

नंदाबाईंनी टाळी धरली. तिघींनी मागून धरली. मथुराबाईंनी धरली, रामलालजींनी चिठ्ठ्यांचं पाकीट मांडीवर आपटायला घेतलं, आणि भागीरथाबाईंनीही, इकडेतिकडे पाहत, हळूच. वाचनालयाच्या भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. कपिलने तिच्याकडे पाठ केली आणि टाळी धरली. गुरुजींनी डोळे मिटले नाहीत, पण मोजणं सोडलं. हे कसं करायचं ते त्यांना माहीत नव्हतं. टाळ्याच इतक्या मोठ्या होत्या की आतला आकडा ऐकू येईना. बोटं आपली आपण पडू लागली.

त्र्याहत्तर टक्के. चार सत्तावन्न.

चालूच राहिलेल्या गुरुजींच्या फोनमधून सुरभीची किंकाळी सगळ्या सभागृहाला ऐकू आली. दाराशी ऑटोवाला हॉर्न वाजवत होता आणि कोणीच उठत नव्हतं. सुरभी म्हणाली, "बाबा, ती नंदाबाई४२ कोन आहे? फोन द्या तिला." गुरुजींनी दिला. त्या दोघी आठ मिनिटं बोलल्या. नंदाबाई नुसत्या 'हाव', 'हाव बाई', 'थे मी पाह्यते' म्हणत होत्या आणि मधूनमधून गुरुजींकडे बघत होत्या. मग फोन परत गुरुजींकडे आला आणि सुरभीने भर सभागृहात बापाला अर्धा तास हसत हसत सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं: फळा, आजोबा, सिग्नल, सगळं. गुरुजींनी आपल्या फजितीचा एकही तपशील गाळला नाही. ते सांगत होते आणि पलीकडे पोर हसून हसून खोकत होती. एवढा चांगला श्रोता त्यांना वर्गात कधी मिळाला नव्हता.

सोमवारी सकाळी आठ वाजता गुरुजी अंगणात दात घासत असताना फाटक वाजलं. नंदाबाई उभ्या होत्या, हातात फोन.

"बसा, गुरुजी. सुरभीनं मले संघाची मार्गदर्शक केलं. नवीन खात्यावाल्याइले रोज अर्धा तास शिकवाचं, असा नियम हाये म्हने. बाकी सगळे ठीक हायेत. तुमचंच कच्चं हाये."

"माहं? अवो, मी एकतिसाव्या..."

"थे बंद खात्यातलं. या खात्यात तुमी पहिलीत हा. चला, दुसरं गाणं लावा."

भागीरथाबाई दारात चहा घेऊन उभ्या होत्या, पण आत यायची चिन्हं नव्हती. त्यांना हे बघायचं होतं. गुरुजींनी टॉवेलाने तोंड पुसलं, ओट्यावर बसले, फोन समोर आडवा ठेवला. गाणं सुरू झालं. पहिल्या ओळीत तीन ठिपके हुकले. दुसऱ्या ओळीत चार. नंदाबाईंनी मान हलवली आणि गाणं परत पहिल्यापासून लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा गुरुजींनी चोरून चहाकडे पाहिलं, बोट वर केलं आणि बारीक आवाजात विचारलं,

"बाई, मी पाणी पिऊन येऊ का?"

"गाणं पुरं झाल्यावर," नंदाबाई म्हणाल्या.